आवाज पेटीत असतो

कार ऑडिओच्या वर्कशॉपमध्ये आलेलं गिऱ्हाईक आधी वॅट विचारतं. पेटी बनवणारा कारागीर मात्र आधी डिकी उघडून टेप लावतो, आणि त्याचंच बरोबर आहे. बारा इंची सबवूफर कितीही महागाचा घ्या, तो कसा वाजणार हे 18 मिलिमीटर एमडीएफची पेटीच ठरवते.

पेटीचे मुख्य प्रकार दोन, सील्ड आणि पोर्टेड. सील्ड पेटी चहूबाजूंनी बंद. आत कोंडलेली हवा स्पीकरच्या पडद्याला सतत मागे रेटते, म्हणून तो ताब्यात राहतो. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954मध्ये याच तत्त्वावर घरगुती स्पीकर आणला. पुण्यातल्या एका कारागिराला मी अशी पेटी जोडताना पाहिलं. फेव्हिकॉल, स्क्रू, मग आतल्या प्रत्येक सांध्यावर बोटाने सिलिकॉन. स्पीकर बसवल्यावर त्याने तळव्याने पडदा हलकेच दाबून सोडला. तो सावकाश वर आला, म्हणजे पेटी कुठे गळत नव्हती.

पोर्टेडचं गणित निराळं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतली हवा एका ठरावीक सुरात घुमते, तसंच पेटीच्या पोर्टमधून, म्हणजे तिला बसवलेल्या पाइपमधून होतं. त्या सुराजवळ पडदा जेमतेम हलतो आणि आवाज पोर्टच देतो. तेवढ्याच वॅटमध्ये दणका जास्त मिळतो. पण 57 लिटरची पेटी 35 हर्ट्झला लावायची तर चार इंची पाइप साधारण 27 सेंटीमीटर लागतो. जागा नाही म्हणून तो अर्धा कापला, की सूर 45च्या आसपास चढतो. त्या सुराच्या खाली पडद्यामागे हवेचा आधार उरत नाही, आणि जोरात वाजवताना स्पीकर फाटतो तो इथेच.

दोन्ही पेट्यांवर तबला ऐकून बघा. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड सील्डमध्ये वरपासून खालपर्यंत सलग ऐकू येते. चुकीच्या मापाच्या पोर्टेडमध्ये तिचा एकच तुकडा फुगतो. डीजेच्या गाण्यांना तो फुगवटा चालतो, किंबहुना तोच हवा असतो.

माझं मत सील्डकडे झुकतं. बारा इंचीला साधारण 28 लिटर पुरतात, त्यामुळे हॅचबॅकच्या डिकीत सामानालाही जागा राहते. सील्डचा खर्ज खाली जाताना दर सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो खरा, पण गाडीची बंद केबिन नेमका तोच भाग उचलून धरते. पोर्टेडची उतरण 24ची, तिथे केबिन पुरी पडत नाही.

तरीही पोर्टेडच हवी असेल, तर तयार पेटी उचलू नका. स्पीकरसोबतच्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे स्पीकरचा स्वभाव सांगणारे आकडे असतात. क्यूटीएस 0.4च्या वर बराच असेल तर पोर्टेडचा नाद सोडा. कमी असेल तर त्या आकड्यांवरून पेटी बनवून घ्या, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी अॅम्प्लिफायरचा पोर्टच्या सुराखालचा खर्ज अडवणारा सबसॉनिक फिल्टर चालू आहे ना, हे स्वतः बघा.