महाबलींच्या चमूत कोणाचे काम काय?

फासे म्हटले की सारीपाट आठवतो, आणि सारीपाट म्हटला की धर्मराज. परंतु फाशांचा असाही एक खेळ आहे की ज्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. असतात ती सोंगे. चार-पाच जण एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते ज्याने त्याने सांगायचे, आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासे टाकायचे. या जातीचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी काढला. त्यात योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित अशी कामाची वाटणी होती. १९८१ साली आलेल्या ‘चॅम्पियन्स’मध्ये त्यांच्या जागी महाबली आले.

आता महाबली म्हणजे सर्वशक्तिमान, अशी आपली समजूत. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ एकटाच सर्वांना पुरून उरे. मग महाबलींच्या चमूत कामाची वाटणी हवीच कशाला?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आसेगावला ओसरीवर चटई टाकून आम्ही पाच मित्र हा खेळ मांडून बसलो, तेव्हा आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. दोघांनी अशी पात्रे रचली की ती उडत, डोंगर उचलत आणि भिंतीपलीकडचेही पाहत. रात्रभर तेच दोघे बोलत राहिले. आमचा एक अबोल मित्र नुसता फासे गोळा करून देत होता. उठताना तो म्हणाला, “माह्याबिगर तुमचं चालतेच, मंग मी उद्या काहून येऊ?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जुन्या खेळाडूंनी ते उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. त्यांच्या पद्धतीने चमूत साधारण पाच कामे असतात. पहिली ‘वीट’. खरोखरच त्यांच्या बोलीत हाच शब्द आहे! ही पुढे उभी राहून घाव सोसते. दुसरा लांबून मारा करणारा. तिसरा चपळ, जो क्षणात कोठेही पोहोचतो. चौथा परमनातले ओळखणारा. पाचवा युक्तीबाज, यंत्रे जोडणारा व मोडणारा. ‘चॅम्पियन्स’मध्ये पात्र रचण्यासाठी ठराविक गुण मिळतात, एका शक्तीवर खर्च केले की दुसरीला कमी पडतात. आणखी गुण हवे असतील तर पात्राने एखादे वैगुण्य पत्करायचे. थोडक्यात, उणीव ही तेथे कमाईची बाब ठरते.

फाशांचे गणितही असेच समतोल. मारणारा व चुकवणारा तुल्यबळ असतील, तर तीन फाशांची बेरीज ११ किंवा त्याहून कमी आली की घाव बसतो. एकूण २१६ शक्यतांपैकी १३५ त्याच्या बाजूच्या; म्हणजे शंभरात साठाहून थोडे अधिक. तेव्हा बलवानही चुकतो, आणि त्याला सोबत्याची गरज लागते.

आपल्याला हे नवे नाही. विराटपर्वात पांडवांनी अज्ञातवासासाठी कामे वाटून घेतली ती आठवावी. भीम मुदपाकखान्यात, अर्जुन नृत्यशाळेत, नकुल घोड्यांपाशी, सहदेव गाईंपाशी. रणांगणावर भीमार्जुनांच्या छायेत राहणाऱ्या धाकट्या दोघांनाही तेथे स्वतःचे क्षेत्र मिळाले. कबड्डीत तरी काय? सातही जण चढाईला निघाले तर कोपरा कोण धरणार?

परंतु पात्रांची वाटणी करून भागत नाही. सूत्रधाराने प्रसंगही तसा रचावा लागतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मित्राला घरून बोलावून आणले. प्रत्येकाने आपल्या पात्राला काय येत नाही, ते आधी सांगायचे असे ठरले. मित्राने मन ओळखणारा घेतला. प्रसंग असा : धरणाच्या भिंतीला भेग पडली आहे, खाली पुलावर एस.टी. अडकली आहे, आणि ज्याने सुरुंग लावला तो गर्दीत मिसळला आहे. ‘वीट’ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चपळाने प्रवासी उतरवले. युक्तीबाज दुसऱ्या सुरुंगाच्या तारा सोडवीत बसला. पण गर्दीतला तो माणूस कोण?

सगळे गप्प झाले आणि मित्राकडे पाहू लागले. त्याने फासे हातात घेतले, जरा थांबला आणि म्हणाला, “थांबा, मी सांगतो.”

बेरीज नऊ आली. पण तो बोलला, तेव्हाच आमचा डाव साधला होता. आपल्या स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत काय किंवा श्रमदानाच्या शिबिरात काय, कोणी नुसतेच फासे गोळा करीत बसले आहे का, एवढे आपण पाहिले तरी पुष्कळ झाले.