ठशांतून उमललेली फुलं

चौकटीत बसवलेलं जपानी फुलांचं चित्र पाहिलं, की पाहणारा हमखास विचारतो, ‘हे अस्सल की नक्कल?’ प्रश्न साधा वाटतो. पण या कलेच्या बाबतीत त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. का, ते समजण्यासाठी ही चित्रं तयार कशी होतात ते आधी पाहू या.

१७६५च्या सुमारास, सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात, जपानमध्ये लाकडी ठशांची बहुरंगी छपाई रूढ झाली. हे काम एकट्याचं नव्हे. चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर ठसे कोरी, तिसरा छपाई करी आणि प्रकाशक पैसा घाली. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवत आणि त्यावरूनच कोरत. कोरता कोरता ते रेखाटन नाहीसं होई! म्हणजे ज्याला आपण ‘मूळ चित्र’ म्हणू, ते उरतच नसे. उरत ते ठसे आणि त्यांवरून निघालेल्या प्रती.

सामान्यतः प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा लागे. रंग जागच्या जागी पडावेत म्हणून प्रत्येक ठशावर कागद टेकवण्याच्या खुणा कोरलेल्या असत. ठशावर रंग आणि थोडी भाताची खळ ब्रशने लावायची, वर तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचा ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या चकतीने तो मागून घासायचा. होकुसाईच्या सुमारे १८३३-३४च्या मोठ्या फुलांच्या मालिकेतली, वाऱ्याने वाकलेली खसखशीची फुलं अशीच छापलेली आहेत.

खरी अडचण रंगांची. गुलाबी रंग करडईच्या फुलांपासून काढत. तीच करडई, जिचं तेल आपण खातो. निळा रंग एका रानफुलाचा. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याचंच ते भावंडं. दोन्ही रंग कच्चे. उजेडाने विटतात, निळा तर पाण्यानेही जातो. १८३०च्या सुमारास युरोपातून आलेली प्रशियन निळी सर्रास वापरात आली आणि निळा रंग टिकू लागला. करडईचा गुलाबी मात्र उडतच राहिला. म्हणूनच संग्रहालयं अशी चित्रं मंद प्रकाशात आणि थोडे दिवसच मांडतात.

आता प्रतिकृतींकडे वळू. त्या मुख्यतः तीन प्रकारच्या. जुन्याच ठशांवरून पुढे काढलेल्या प्रती. जुनी प्रत समोर ठेवून नव्याने ठसे कोरून छापलेल्या प्रती. आणि छायाचित्रावरून यंत्राने छापलेल्या प्रती. यंत्राची प्रत स्वस्त आणि आज फार सुबक निघते. पण जुन्या चित्राचं छायाचित्र घेऊन छापलं, की आपण त्या चित्राचं म्हातारपणही छापतो. पिवळा पडलेला कागद, उडालेला गुलाबी, सगळं तसंच. नव्याने कोरलेल्या प्रतीत मात्र पाकळी पुन्हा ताज्या रंगात उमलू शकते. टोकियोतल्या अदाची कार्यशाळेत हे काम आजही हाताने चालतं.

ओळखायचं कसं? भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्राची छपाई. ठशाच्या छपाईत रंग सलग दिसतो. कागद उलटून पाहा. रंग मागपर्यंत मुरलेला असतो आणि चकतीने घासल्याच्या खुणाही पुष्कळदा दिसतात.

यंत्राची प्रत घेण्यात कमीपणा नाही, असं मला वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी हीसुद्धा सामान्य माणसाला परवडावीत म्हणून छापलेलीच चित्रं होती. मात्र विकणाऱ्याने प्रतीचा प्रकार स्पष्ट सांगितला पाहिजे आणि आपण तो विचारला पाहिजे. कारण हाताने छापलेली प्रत कोणी घेईनाशी झाली, तर चित्रं शिल्लक राहतील; पण ती पुन्हा ताजी करणारे हात राहणार नाहीत.