नळी, बॅग आणि चुना: लहान प्राण्यांच्या भुलीतील ब्रीदिंग सर्किट

ब्रीदिंग सर्किट म्हणजे भुलीचे यंत्र आणि प्राण्याच्या श्वासनलिकेत घातलेली ईटी ट्यूब यांना जोडणारी नळ्या, बॅग आणि व्हॉल्व्ह यांची जुळणी. तिची कामे तीन. ऑक्सिजन आणि भुलीची वाफ फुप्फुसापर्यंत पोचवायची, गरज पडली तर हाताने श्वास देण्याची सोय ठेवायची, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जाऊ द्यायचा नाही. पहिली दोन कामे जवळजवळ कोणतेही सर्किट करते. निवड ठरते ती तिसऱ्यावर. उच्छ्वास ताज्या वायूच्या जोरावर बाहेर लोटायचा, की तोच वायू सोडा लाइम या चुन्यातून नेऊन, शुद्ध करून परत द्यायचा? पहिल्या प्रकारची सर्किटे नॉन-रिब्रीदिंग म्हणून ओळखली जातात, दुसऱ्या प्रकारात आज मुख्यतः सर्कल वापरतात.

नॉन-रिब्रीदिंग सर्किटांचा उगम माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या शस्त्रक्रियांत आहे. १९३७ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे भूलतज्ज्ञ फिलिप एअर यांनी दुभंगलेले ओठ-टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांसाठी टी-पीस वापरात आणला. त्यात व्हॉल्व्ह नव्हता आणि बॅगही नव्हती. १९५० मध्ये जॅक्सन रीस यांनी त्याला शेपटाकडे उघडी असलेली बॅग जोडली, १९५४ मध्ये कार्डिफच्या मेपलसन यांनी अशा सर्व जुळण्यांची ए ते ई अशी वर्गवारी केली, आणि १९७२ मध्ये बेन आणि स्पोरेल यांनी नळीत नळी असलेले सर्किट मांडले. मांजरे, पिल्ले आणि छोट्या जातींचे कुत्रे यांच्यासाठी आज सर्वाधिक चालतात ती जॅक्सन रीस आणि बेन हीच दोन.

बेन सर्किटमध्ये ताजा वायू आतल्या बारीक नळीतून येतो आणि थेट ईटी ट्यूबच्या तोंडाशी सुटतो. उच्छ्वास बाहेरच्या रुंद नळीतून बॅगेकडे जातो. उच्छ्वास संपल्यावर आणि पुढचा श्वास सुरू होण्याआधी जो थोडा विराम असतो, त्यातच सगळी सफाई होते: ताजा वायू वापरलेल्या वायूला मागे रेटतो आणि नळीच्या तोंडाशी स्वच्छ वायूचा साठा करून ठेवतो. विराम लांब असेल तर कमी प्रवाह पुरतो. प्राणी धापा टाकू लागला की विरामच उरत नाही, आणि तोच प्रवाह अपुरा पडतो. म्हणून दर किलोला मिनिटाला २०० ते ३०० मिली हा आकडा आरंभबिंदू समजावा. श्वासाचा वेग पाहून तो वाढवावा लागतो.

मॅगिल आणि लॅक या आणखी दोन नॉन-रिब्रीदिंग सर्किटांत ताजा वायू बॅगेच्या बाजूने येतो. प्राणी स्वतः श्वास घेत असेल तर ती बेनपेक्षा काटकसरी आहेत, पण हाताने सतत श्वास द्यायची वेळ आली की हा फायदा राहत नाही. शिवाय मॅगिलचा व्हॉल्व्ह प्राण्याच्या तोंडाशीच असतो. मांजराच्या डोक्याशी लोंबणारे ते वजन ट्यूब ओढते, आणि दातांच्या कामात तर ते डॉक्टरांच्या हाताखालीच येते.

सर्कलमध्ये वायू एकाच दिशेने फिरतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीवर पातळ चकतीचा एकेक एकदिश व्हॉल्व्ह असतो, वाटेत सोडा लाइमचा कॅनिस्टर, बॅग आणि जादा वायू सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह. सोडा लाइममध्ये बहुतांश कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडे सोडियम हायड्रॉक्साइड आणि सुमारे १५ टक्के पाणी असते. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो, मग अल्कलीशी संयोग होऊन शेवटी कॅल्शियम कार्बोनेट बनते. या क्रियेत उष्णता आणि ओलावा दोन्ही सुटतात. भुलीखाली लवकर गार पडणाऱ्या प्राण्याला सर्कलमधून मिळणारी ऊबदार, दमट हवा ही म्हणूनच मोठी सोय आहे. कॅनिस्टरला हात लावला आणि तो कोमट लागला, तर चुना काम करतो आहे.

चुन्याचा रंग पाहण्यात मात्र फसगत होते. इथाइल व्हायोलेट हा निर्देशक असलेला चुना खर्च झाला की पांढऱ्याचा जांभळा होतो. काही कंपन्यांचा चुना याच्या उलट, गुलाबीचा पांढरा होतो. दवाखान्यात दोन ब्रँड आलटून-पालटून येत असतील, तर डब्यावरची सूचना कॅनिस्टरवर चिकटवून ठेवणे हाच शहाणपणा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे संध्याकाळी जांभळा झालेला चुना रात्रभर पडून राहिला की सकाळी पुन्हा पांढरा दिसू शकतो. शोषण्याची ताकद मात्र परत आलेली नसते. म्हणून रंग शस्त्रक्रियेच्या शेवटी पाहावा आणि भरल्याची तारीख व वापराचे तास लिहून ठेवावेत. चिमटीत दाबून पाहण्याची जुनी खूणही उपयोगी आहे: ताजा कण भुगा होतो, खर्च झालेला दगडासारखा कडक लागतो. कणांमधली रिकामी जागा निदान एका श्वासाइतकी हवी. कणांमधली पोकळी साधारण निम्मी धरली, तर कॅनिस्टर एका श्वासाच्या दुप्पट असावा लागतो.

आता निवड. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे वजनाची रेघ आखलेली असे: सात ते दहा किलोंच्या खाली नॉन-रिब्रीदिंग, त्यावर सर्कल. कारण असे की सर्कलच्या चकत्या प्रत्येक श्वासाला उचलाव्या लागतात, वायूला चुन्यातून वाट काढावी लागते, आणि अशक्त मांजराला तो भार पडतो. हलक्या चकत्यांचे व्हॉल्व्ह आणि १५ मिमी व्यासाच्या पीडियाट्रिक नळ्या आल्यापासून तीन किलोंपर्यंतचे प्राणी सर्कलवर सुरक्षित ठेवता येतात. म्हणजे ही रेघ प्राण्यापेक्षा जुन्या यंत्रांची अधिक होती. यंत्र जुने, माणसांच्या इस्पितळातून निवृत्त झालेले असेल तर ती पाळावी. नवे असेल तर आग्रह धरू नये.

लहान प्राण्याच्या बाबतीत प्रतिकारापेक्षा डेड स्पेसचा हिशेब अधिक कडक ठेवावा. ज्या जागेतला वायू पुढे न जाता तसाच परत आत ओढला जातो ती डेड स्पेस. सर्कलच्या लांब नळ्या पाहून अनेकांना वाटते की तेवढी डेड स्पेस वाढली. तसे नसते, कारण त्या नळ्यांत वायू एकाच दिशेने जातो. डेड स्पेस सुरू होते ती दोन्ही नळ्या जिथे एकत्र येतात त्या वाय-पीसपासून प्राण्याकडे: कोपऱ्याचा जोड, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफचा अडॅप्टर, फिल्टर, ईटी ट्यूबचा दातांबाहेर राहिलेला तुकडा. चार किलोंच्या मांजराचा एक श्वास ४० ते ६० मिलीचा. मोठ्या माणसांसाठीचा फिल्टर एकटाच ३० मिली किंवा अधिक जागा खातो. तो मधे बसवला की मांजर बहुतांश आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत राहते, आणि सर्किट कितीही महागडे असले तरी फरक पडत नाही.

खर्चाचा हिशेब मोठ्या कुत्र्यात डोळ्यांत भरतो. २५ किलोंचा लॅब्रॅडॉर बेनवर ठेवला तर मिनिटाला किमान पाच लिटर ऑक्सिजन लागतो. आपल्याकडे दवाखान्यात दिसणाऱ्या, काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या खांद्याच्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. तो पाच तासांत रिता होतो. तोच कुत्रा सर्कलवर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे दोन-तीन लिटरवर आणि पुढे अर्धा-पाऊण लिटरवर चालतो. आयसोफ्लुरेन या भुलीच्या द्रवाचा अंदाज सोपा आहे: प्रवाह लिटरमध्ये, गुणिले टक्केवारी, गुणिले तीन, म्हणजे तासाला इतके मिली द्रव. पाच लिटर आणि दोन टक्के म्हणजे तासाला ३० मिली. पाऊण लिटरला साडेचार. मांजरात हा फरक किरकोळ राहतो, कारण बेनवरही त्याला एक लिटरच्या आसपासच लागतो. एका लहान दवाखान्याला एक सर्कल, त्यावर दोन मापांच्या नळ्या, आणि एक जॅक्सन रीस किंवा बेन एवढे सामान पुरते. त्यापलीकडची खरेदी हौसेची.

सर्कलचा एक दुर्गुण लक्षात ठेवावा. त्याच्या पोटात बरेच लिटर वायू असतो, म्हणून कमी प्रवाहावर भुलीची वाफ सोडणाऱ्या व्हेपोरायझरचा आकडा बदलला तरी प्राण्यापर्यंत फरक पोचायला काही मिनिटे लागतात. भूल हलकी पडली म्हणून नुसता आकडा वाढवून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, प्रवाहही वाढवावा लागतो. बेनवर आकडा फिरवला की पुढच्या काही श्वासांत परिणाम दिसतो.

बॅग एका श्वासाच्या तीन ते सहापट असावी. मांजराला अर्धा लिटर ठीक, लॅब्रॅडॉरला दोन लिटर. फार मोठी बॅग घेतली तर श्वासाची हालचाल डोळ्यांना दिसत नाही. फार लहान घेतली तर खोल श्वासाला ती चपटी होते.

पॉप-ऑफ व्हॉल्व्ह हा सर्किटमधला सर्वांत लहान आणि सर्वांत घातक भाग. हाताने श्वास द्यायचा तर तो मिटावा लागतो. तेवढ्यात फोन वाजतो, कोणी टाके मागते, आणि व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो. मिनिटाला एक लिटर प्रवाहावर अर्ध्या लिटरची बॅग अर्ध्या मिनिटात गच्च भरते. मग दाब छातीत चढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, नाडी मंदावते. वेळीच लक्षात आले नाही तर फुप्फुस फाटते. मॉनिटरवर रक्तदाब घसरलेला पाहून माणूस औषधाच्या मागे धावतो, कारण मात्र डोक्यावर फुगलेल्या बॅगेत असते. बोट दाबले तेवढाच वेळ बंद राहणारा बटणाचा व्हॉल्व्ह यासाठीच निघाला आहे, आणि थोडेच पैसे खर्च करायचे असतील तर आधी तो घ्यावा. प्रेशर गेज नसलेल्या सर्किटवर हाताने श्वास देऊ नये. मांजरात १० ते १५ आणि कुत्र्यात १५ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुरेसा होतो.

ऑक्सिजन फ्लशचे बटणही याच कुळातले. त्यातून मिनिटाला ३५ ते ७५ लिटर वायू व्हेपोरायझरला वळसा घालून येतो. ३५ लिटर म्हणजे सेकंदाला ५०० मिलीपेक्षा जास्त. बेनवर जोडलेल्या मांजराच्या बाबतीत त्या बटणाला हात लावायचा नाही.

तपासणी प्रत्येक प्राण्यापूर्वी करावी लागते, आणि तिला दोन मिनिटे पुरतात. पॉप-ऑफ मिटावा, प्राण्याकडचे तोंड अंगठ्याने बंद करावे, दाब ३० सेंटिमीटरपर्यंत चढवून प्रवाह थांबवावा. दहा सेकंद काटा हलला नाही तर जुळणी घट्ट आहे. यानंतर अंगठा आधी काढू नये. पॉप-ऑफ उघडून दाब सोडावा. त्यामुळे व्हॉल्व्ह खरोखर उघडतो हे कळते आणि तो उघडाच राहतो. अंगठा झटक्याने काढला तर चुन्याची भुकटीही नळीत उडते. बेनची आतली नळी वेगळी तपासावी लागते. दोन लिटर प्रवाह सुरू करून तिचे तोंड छोट्या सिरिंजच्या दट्ट्याने क्षणभर बंद करतात. फ्लोमीटरची गोटी खाली दबली तर नळी शाबूत आहे. ती दबली नाही तर नळी यंत्राकडून निसटली किंवा चिरली आहे. अशा वेळी बाहेरची आख्खी नळी डेड स्पेस बनते, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

भूल चालू असताना सर्किटवर खरा पहारा कॅप्नोग्राफचा. श्वास आत घेताना त्याची रेघ शून्यावर यायला हवी. ती वर तरंगत राहिली तर प्राणी स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड घेतो आहे. बेनवर असे दिसले तर आधी प्रवाह वाढवावा आणि तरीही रेघ उतरली नाही तर आतल्या नळीवर संशय घ्यावा. सर्कलवर चुना संपलेला असतो किंवा एखादी चकती ओलाव्याने चिकटून अर्धवट उघडी राहिलेली असते. पारदर्शक झाकणातून दोन्ही चकत्या आळीपाळीने उचलतात का ते पाहिले की उलगडा होतो. मांजराची कूस बदलताना ट्यूब सर्किटपासून आधी सोडवावी, मग प्राणी वळवावा आणि पुन्हा जोडावे. जोडलेली नळी तशीच ठेवून मांजर वळवले की ट्यूब श्वासनलिकेत पिळली जाते. ट्यूबभोवतीचा कफ जास्त फुगवलेला असेल तर श्वासनलिका फाटल्याची उदाहरणे या जातीत चांगलीच परिचित आहेत.

शस्त्रक्रिया संपत आली की व्हेपोरायझर बंद करून ऑक्सिजन वाढवतात. सर्कलवर असताना बॅग एक-दोनदा रिती करून साचलेली वाफ काढावी लागते. ती खोलीत नव्हे, पॉप-ऑफमधून, वाया जाणारा वायू बाहेर नेणाऱ्या स्कॅव्हेंजिंगच्या नळीत जायला हवी. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेने भुलीच्या हॅलोजनयुक्त वायूंसाठी खोलीतल्या हवेत २ पीपीएमची मर्यादा सुचवलेली आहे. कोळशाच्या कॅनिस्टरवर भागवायचे असेल तर तो नवा असतानाचे वजन त्यावर लिहावे आणि साधारण ५० ग्रॅम भर पडली की बदलावा. नायट्रस ऑक्साइड कोळसा शोषत नाही.

दिवसाच्या शेवटी नळ्या आणि बॅग धुऊन, उभ्या टांगून पूर्ण वाळवतात. पावसाळ्यात बॅगेची घडी उघडी न ठेवल्यास आत बुरशी धरते. फ्लोमीटर मात्र बंद केल्याची खात्री करावी. रात्रभर कोरडा ऑक्सिजन वाहत राहिला तर सोडा लाइममधले पाणी उडते, आणि अशा वाळलेल्या चुन्याशी आयसोफ्लुरेनचा संपर्क आला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. सकाळी फ्लोमीटर चालूच सापडला तर चुन्याचा रंग कोणताही असो, तो फेकून नवा भरतात.