आरसी हेलिकॉप्टरचे शेपूट का थरथरते? जायरोची सेटिंग नेमकी कशी करतात?

रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर नव्याने जोडून पहिल्यांदा उचलले की बहुतेकांना एकच अडचण येते. यंत्र गुडघाभर वर येते आणि नाक एका बाजूला वळू लागते, नाहीतर शेपूट थरथरू लागते. मग हात जातो जायरोच्या 'गेन'कडे. गेन वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला, तरी फरक नाही. काही जण थेट नवा जायरो मागवतात. खरा घोटाळा मात्र अनेकदा जायरोच्या आधीच, शेपटाच्या यांत्रिक जोडणीत झालेला असतो.

शेपटाला पंखा कशासाठी?

वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, म्हणून हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटावरचा छोटा पंखा त्याला बाजूने ढकलून अडवतो. अडचण अशी, की हा जोर सतत बदलावा लागतो. वर चढताना मोठ्या पंखाला जास्त ताकद लागते, त्यामुळे शेपटालाही जास्त जोर हवा. खाली येताना कमी. त्यात बाजूचा वारा आला की हिशेब पुन्हा बदलतो.

मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक हे काम पायातल्या पेडलने करतो. मॉडेल हलके असते, ते माणसाच्या हातापेक्षा लवकर वळते. जर्मनीत डिटर श्लुटर यांनी 1970 च्या सुमारास रिमोटवरचे हेलिकॉप्टर यशस्वी करून दाखवले, तेव्हा शेपूट सांभाळणे हीच शिकणाऱ्याची मोठी परीक्षा असे. पुढे छोटी फिरती चाके असलेले यांत्रिक जायरो आले, मग पिझो आणि आता मेम्स. मोबाइल आडवा-तिरपा करून गाडीचा गेम खेळता येतो, तो याच जातीच्या सेन्सरमुळे.

जायरो करतो काय?

कळमना मार्केट यार्डात भरलेला हातठेला ढकलत निघालेला हमाल डोळ्यासमोर आणा. बाजूने धक्का बसला की तो अंग रेटून ठेला सावरतो. पण तोवर ठेल्याचे तोंड थोडे वळलेले असते आणि तो त्याच नव्या दिशेने पुढे जातो. हा झाला 'रेट मोड'. जायरो वळण्याचा वेग रोखतो, मूळ दिशा लक्षात ठेवत नाही. म्हणून वाऱ्यात नाक हळूहळू वाऱ्याकडे वळते.

दुसऱ्या हमालाची नजर समोरच्या एका शेडवर पक्की आहे. धक्का बसला तरी तो ठेल्याचे तोंड पुन्हा त्याच शेडकडे आणतो. हा 'हेडिंग होल्ड'. आज जवळपास सगळे याच मोडमध्ये उडवतात.

आणि गेन म्हणजे हमाल किती जोराने सावरतो ते. फार हळू सावरले तर ठेला भरकटतो. गरजेपेक्षा जोरात सावरले तर तो पलीकडे जातो, पुन्हा अलीकडे येतो आणि नागमोडी चालतो. शेपटाची जलद थरथर म्हणजे हीच नागमोडी चाल.

आधी रेट मोड, मग बाकी सगळे

उडवायचे हेडिंग होल्डमध्ये असले तरी जुळवणी रेट मोडमध्ये करतात. कारण हेडिंग होल्ड चुका झाकतो. शिवाय त्या मोडमध्ये टेबलावर ठेवलेल्या हेलिकॉप्टरचा सर्व्हो मध्यावर थांबेलच असे नाही. तो सावकाश एका टोकाला सरकतो आणि नवख्याला वाटते काहीतरी बिघडले. तो बिघाड नाही.

मोटरच्या तारा सोडवूनच काम सुरू करावे. ट्रान्समीटरवरचे रडरचे ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आणावेत. सर्व्हो मध्यावर असताना त्याचा हॉर्न आणि पुशरॉड यांच्यात काटकोन हवा. त्याच स्थितीत शेपटाच्या पात्यांना थोडा कोन दिलेला असावा, कारण जागीच तरंगतानाही मोठ्या पंखाचा जोर अडवायचा असतो. पुशरॉड सर्व्होपासून सोडवून बोटाने पुढेमागे सरकवून पाहा. तो कुठेही अडकायला नको आणि सैलही नको. बॉल लिंक घट्ट बसली असेल, स्लायडर चिकटत असेल, बेल्ट ढिला असेल तर गेन कितीही फिरवा, शेपूट ऐकणार नाही.

यानंतर रेट मोडमध्येच थोडे उचलून बघतात. नाक एका बाजूला वळत राहिले तर ट्रिम देण्याचा मोह टाळावा आणि पुशरॉडची लांबी बदलावी.

पण या उड्डाणाआधी एक तपासणी चुकवून चालत नाही: जायरोची दिशा. हाताने नाक डावीकडे वळवा. जायरोने सर्व्होला उजव्या रडरच्या दिशेने हलवले पाहिजे. उलट हलला तर जायरो 'रिव्हर्स' आहे. असे हेलिकॉप्टर उचलताच भोवऱ्यासारखे गरगरते आणि काठीने ते आवरत नाही. सुमारे 70 सेंटीमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 2,800 फेऱ्यांनी फिरत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 370 किलोमीटर होतो. मोटर न लावता होणारी अर्ध्या मिनिटाची ही तपासणी किती मोलाची आहे, ते या आकड्यावरून कळते.

मग 'लिमिट' ठरवायची. सर्व्हो दोन्ही टोकांना जाताना स्लायडर आपटू नये. आपटला तर सर्व्हो गुणगुणतो, तापतो. फार कमी लिमिट ठेवली तर शेपटाची ताकदच कापली जाते. जायरोतला सर्व्होचा प्रकारही इथेच निवडायचा असतो. काही खास टेल सर्व्हो 1520 ऐवजी 760 मायक्रोसेकंदाच्या सिग्नलवर चालतात. साध्या ॲनालॉग सर्व्होला डिजिटलचा वेगवान सिग्नल दिला तर तो जळू शकतो.

गेन किती ठेवायचा?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. रीत अशी: कमी गेनवर सुरुवात करायची, जागी तरंगत थोडा थोडा वाढवायचा, शेपूट जलद थरथरले की दोन-चार अंक मागे यायचे. मोठ्या पंखाच्या फेऱ्या वाढल्या की त्याच गेनवर थरथर सुरू होते. म्हणून जास्त फेऱ्यांच्या फ्लाइट मोडसाठी गेन वेगळा आणि बहुधा कमी ठेवतात.

लक्षणे नीट वाचली तर अर्धे काम होते. झटपट थरथर असेल तर गेन जास्त आहे किंवा जोडणीत ढिलाई आहे. संथ झोके येत असतील तर स्लायडर चिकटतोय का, सर्व्हो मंद आहे का, ते बघा. जोरात वर चढवताच शेपूट एकदम सुटत असेल तर पात्यांचा कोन, फेऱ्या किंवा लिमिट कमी पडतेय. तिथे गेन वाढवून काही होत नाही.

आणि हेडिंग होल्डमध्ये नाक आपोआप सावकाश सरकत असेल तर? आधी ट्रिम पाहा. त्या मोडमध्ये ट्रिमला जायरो 'सावकाश वळ' असा हुकूम समजतो. दुसरे कारण तापमान. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. एसी गाडीतून काढलेले हेलिकॉप्टर लगेच तापलेल्या मैदानात चालू केले तर सेन्सरचा शून्य बिंदू गरम होताना सरकतो. थोडा वेळ सावलीत ठेवून बाहेरच्या हवेला सरावू द्यावे. बॅटरी जोडल्यावर जायरो आपला शून्य ठरवतो, ते काही सेकंद यंत्राला हात लावू नये आणि रडरची काठी मध्यावर असावी.

उडवायचे कुठे?

सुट्टीच्या दिवशी यार्डाचा परिसर मोकळा दिसला तरी ट्रक, माणसे आणि विजेच्या तारा असलेली जागा पहिल्या चाचणीसाठी नाही. ड्रोन नियम 2021 मध्ये शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा वर्ग आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वरचे आकाश पिवळ्या क्षेत्रात येते, तिथे परवानगी लागते. कळमना शहराच्या एका बाजूला आणि सोनेगावचे विमानतळ दुसऱ्या बाजूला असले तरी डिजिटल स्काय नकाशावर नेमकी जागा तपासून घ्यावी. गेन ठरवायला तसेही फार उंची लागत नाही. डोळ्यांच्या उंचीवर, शेपूट आपल्याकडे ठेवून आणि पुरेसे लांब उभे राहून थरथर स्पष्ट दिसते.