कर्जाच्या कागदांची पिशवी आणि वकीलताई



कर्ज कसं घ्यायचं, हप्ता कसा भरायचा, यावर गटाच्या बैठकीत आपण पुष्कळदा बोलतो. पण हप्ता भरणं खरोखरच हाताबाहेर गेलं तर काय करायचं, हे कुणी बोलत नाही. ज्या बाईवर ती वेळ येते ती बैठकीला येणंच बंद करते. म्हणून आज आपण त्याच विषयावर बोलू. कर्जाची प्रकरणं चालवणारा वकील नेमकं काय करतो आणि त्याच्याकडे आपण कधी जायचं, ते समजून घेऊ.

आमच्या तालुक्याच्या कोर्टाजवळ एक वकीलताई एकट्याच काम करतात. हाताखाली कुणी नाही. अर्ज त्याच टाइप करतात, तारखेला त्याच उभ्या राहतात. ‘माझं नाव नको, काम सांगा,’ असं त्यांनी आम्हाला बजावलं आहे. त्या शेतकरी घरातल्या. बी. कॉम. झाल्यावर काही वर्षं एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर होत्या. रोज नोटिसा लिहायच्या. तिथे त्यांनी पाहिलं, की बरीच माणसं आलेली नोटीस उघडतच नाहीत. भीतीपोटी गप्प बसतात, आणि मग घाईघाईत नको त्या कागदावर सही करतात. शेवटी नोकरी सोडून त्यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण केला आणि सनद घेतली. आज त्या कर्जदाराच्या बाजूने उभ्या राहतात, पण समोरच्या टेबलावरचा माणूस कसा विचार करतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांची पद्धत साधी आहे. पहिल्या भेटीत त्या कायदा सांगत नाहीत. ‘घरातले सगळे कागद एका पिशवीत घालून आणा, निवडून आणू नका,’ म्हणतात. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता आखतात: कर्ज कुणाचं, मुद्दल किती, आजवर भरलं किती, तारण काय, जामीनदार कोण, आपली सही कुठे. बहुतेक बायांना आपलं एकूण देणं किती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. आकडा मोठा असला तरी कळल्यावर जीव थोडा हलका होतो, असं त्या सांगतात.

मग त्या कर्जांची वाटणी करतात, कारण प्रत्येक कर्जाचा नियम वेगळा. घर किंवा दागिना तारण असेल, तर ते कर्ज आधी पाहावं लागतं. सावकाराचं असेल तर पहिला प्रश्न, परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. आपल्याकडे दामदुपटीचा नियमही जुना आहे. सावकाराचं थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही.

मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम आहेत. सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील, असं कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, हे सगळं मना आहे. कर्ज द्यावं लागतं हे खरं, पण अब्रू द्यावी लागत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंचे पती वारले. दिवस होतात न होतात तोच एकजण दारात आला. ‘तुझ्या नवऱ्याने माझ्याकडून पैसे घेतलेत, आता तुझ्या नावाने नवा कागद करून दे.’ दीर म्हणाले, करून टाक, गावात बभ्रा नको. ताई सही करणारच होत्या, पण गटाच्या अध्यक्षांनी त्यांना थांबवलं आणि वकीलताईंकडे नेलं.

वकीलताईंनी एकच विचारलं, ‘त्या कर्जावर तुमची सही होती का? सहकर्जदार, जामीनदार, काहीही?’ नव्हती. मग त्यांनी समजावलं. माणूस गेला की त्याचं कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होतं. त्यातून जेवढं आपल्या वाट्याला आलं, तेवढ्यापुरतीच आपली जबाबदारी. आपली मजुरी, आपली गटातली बचत त्यात येत नाही. पण आपण नवा कागद करून दिला, की तेच कर्ज आपलं होतं. ताईंनी सही केली नाही. त्या माणसाकडे परवानाही नव्हता, तेव्हा सहायक निबंधकांकडे तक्रार दिली. तो पुन्हा दारात आला नाही.

पण पतीच्या पतसंस्थेच्या कर्जाला ताई स्वतः जामीनदार होत्या. तिथे वकीलताईंनी स्पष्ट सांगितलं, ‘हे तुम्हाला फेडावं लागेल. मी एवढंच करू शकते, की ते तुम्हाला झेपेल असं करून घेईन.’ त्यांनी पतसंस्थेशी बोलणी केली, लोकअदालतीत तडजोड झाली, व्याज कमी झालं, हप्ते बांधून मिळाले. ताई अजून ते हप्ते भरताहेत. पण आता दर बैठकीला येतात.

दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा होऊन जप्ती आली तरी सगळं उचलून नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये यादीच दिली आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला उतरवता येत नाही असा दागिनाही घेता येत नाही. शेतकऱ्याची औजारं, पोटापाण्याला लागणारी गुरं, बियाणं, कारागिराची हत्यारंही सुटतात. शेतकरी किंवा मजूर राहतो ते त्याचं घरही सुटतं, मात्र ते गहाण ठेवलेलं नसावं. कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. पतसंस्थेच्या वसुलीचा मार्ग वेगळा असतो, म्हणून कोणता कागद कुठून आलाय ते दाखवून घ्यायचं.

आता दिवाळ्याबद्दल. सगळं करूनही देणं फिटण्यासारखं नसेल, तर आपल्याकडे प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० आहे. ‘मी नादार आहे’ असा अर्ज कोर्टात करता येतो. कोर्ट मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात देतं. त्यातून सगळ्या देणेकऱ्यांचे पैसे त्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटले जातात, आणि पुढे कोर्ट कर्जदाराला मोकळं करू शकतं. २०१६ च्या नव्या कायद्यात छोट्या कर्जदारांसाठी नव्या सुरुवातीची तरतूद आहे, पण तो भाग सुरू झालेला नाही. म्हणून साध्या माणसाला जुनाच कायदा लागतो. वकीलताई हा रस्ता शेवटचा ठेवतात. वेळ लागतो, मालमत्ता हातून जाते, आणि आपण सुटलो तरी आपला जामीनदार सुटत नाही.

चार गोष्टी त्या प्रत्येकीकडून कबूल करून घेतात. जुनं फेडायला नवं कर्ज काढायचं नाही. कोरा कागद किंवा कोरा चेक सही करून द्यायचा नाही. चेक परत गेला तर ते फौजदारी प्रकरण होतं, आणि नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. जमीन घाईघाईने भावाच्या नाहीतर मुलाच्या नावावर करायची नाही. कोर्ट असा व्यवहार रद्द करू शकतं आणि आपली बाजूही पडते. आणि वकिलापासून काही लपवायचं नाही, हातउसनेही नाहीत.

त्यांची फी किती, ते त्या पहिल्याच दिवशी सांगतात. जिला परवडत नाही तिला स्वतःच तालुका विधी सेवा समितीकडे पाठवतात. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. फोन करायचा तर नंबर आहे १५१००.

वकीलताई म्हणतात, ‘माझ्याकडे लोक येतात ते सगळं झाल्यावर. दोन हप्ते थकले तेव्हा आले असते तर निम्मं काम सोपं होतं.’ इथेच गटाचं काम आहे. एखादी बैठकीला येईनाशी झाली तर तिच्यावर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. तिची कागदांची पिशवी भरायला मदत करायची, तक्ता लिहून द्यायचा आणि तालुक्याला तिच्यासोबत एसटीत बसायचं. कायदा वकिलाला येतो. पण भेदरलेल्या बाईला वकिलाच्या दारापर्यंत नेणं, हे आपल्यालाच जमतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला तक्ता करून बघा. कर्ज नसेल तिनेही, कारण जामीनदार आपण कुणाकुणाला आहोत, हे आठवणं गरजेचं आहे.