एक नाव, दोन कार्डे

बियाणे घ्यायला बाजारात गेलो की आपण पिशवीवरचे नाव वाचून थांबत नाही. पिशवी उलटी करतो, वाण पाहतो, उगवणशक्तीचा आकडा वाचतो आणि मगच कनवटीला हात घालतो. संगणकाचा एखादा भाग घेताना मात्र चांगली शहाणी माणसेही नुसत्या नावावर पैसे मोजून मोकळी होतात. असे करून पुष्कळांची फसगत झालेली एक वस्तू आज आपण पाहू या. तिचे नाव जीटी १०३०. हे एक स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय? संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० भरतात. हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने दाखवावे लागतात. कोणता ठिपका कोणत्या रंगाचा, हे ठरवणारा कारागीर म्हणजे ग्राफिक्सची चकती, म्हणजेच चिप. बऱ्याच संगणकांत ती मुख्य चिपमध्येच बसवलेली असते, आणि मग वेगळ्या कार्डाची गरज पडत नाही. ती नसेल किंवा कमी पडत असेल, तर वेगळे कार्ड घालावे लागते.

एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीने जीटी १०३० हे कार्ड मे २०१७ मध्ये बाजारात आणले. पुढे २०१८ साली त्याच नावाचे दुसरे कार्ड आले. दोन्हींत गणित करणारे घटक ३८४. दोन्हींची स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, २ जीबी. स्मृतीपासून चकतीपर्यंतचा रस्ताही दोन्हींत ६४ बिटांचा. चकतीचा ठोका पहिल्यात सेकंदाला १४६८ दशलक्षांपर्यंत, तर दुसऱ्यात १३७९ दशलक्षांपर्यंत जातो. म्हणजे फरक शेकडा सहाचा, मनावर घेण्यासारखा नाही. "मग वेगळे ते काय?" असे कोणीही म्हणेल. वेगळी आहे ती स्मृतीची जात. पहिल्यात जीडीडीआर५, दुसऱ्यात साधी डीडीआर४. एक अक्षर आणि एक आकडा, एवढाच काय तो फरक कागदावर दिसतो.

पण तो फरक केवढा, हे समजायला आपले जाते आठवा. जाते कितीही चांगले टाकीचे असो आणि ओढणाऱ्या दोघी कितीही दमाच्या असोत, वैरण घालणारा हात सावकाश चालला तर पीठ थोडेच पडायचे. जाते रिकामे फिरते आणि खुंट्याला धरून ओढणारीचा जीव मात्र जातो. ते ३८४ घटक म्हणजे जाते, आणि स्मृती म्हणजे वैरण घालणारा हात.

आता गुरुजींनी फळ्यावर घालावे असे एक सोपे उदाहरण. रस्ता ६४ बिटांचा आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून एका खेपेला ८ बाइट जातात. जीडीडीआर५ सेकंदाला ६०० कोटी खेपा करते. आठ गुणिले सहाशे कोटी म्हणजे ४८०० कोटी बाइट, म्हणजेच सेकंदाला ४८ गिगाबाइट. डीडीआर४ करते २१० कोटी खेपा. तिचा गुणाकार भरतो १६.८ गिगाबाइट. नाव तेच, खोक्यावरचे २ जीबी तेच, आणि पुरवठा जवळजवळ एक तृतीयांश! ह्या २ जीबीचा आणि वेगाचा काही संबंध नाही, हेही इथेच ध्यानात घ्यावे. कणगी केवढी आणि तिच्यातून धान्य किती भरभर निघते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला बहुधा कणगीच दाखवतात.

ह्याचा परिणाम काय होतो? त्रिमितीय खेळांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळ खेळांत डीडीआर४ चे कार्ड पहिल्याच्या निम्म्यावर आले. जिथे पहिल्या कार्डावर चित्र सरळ सरकते, तिथे दुसऱ्यावर ते अडखळत चालते. कारण उघड आहे. खेळातली भिंत, गवत, अंगावरचे कापड ह्यांचा पोत सारखा स्मृतीतून आणावा लागतो, आणि एकच ठिपका अनेकदा रंगवून पुसावा लागतो.

म्हणून दुसरे कार्ड टाकाऊ ठरवावे काय? तसे मी म्हणणार नाही. आपले मघाचे ठिपके पुन्हा घ्या. एका ठिपक्याला ४ बाइट धरले, तर पडदा सेकंदाला ६० वेळा दाखवायला सुमारे ५० कोटी बाइट लागतात, म्हणजे अर्धा गिगाबाइट. सोळा गिगाबाइटांपुढे तो किती? पत्रे लिहिणे, हजेरीचे तक्ते करणे, वर्गात पाठाची फीत दाखवणे ह्या कामांना डीडीआर४ चे कार्डही पुरते. शिवाय ते २० वॅट वीज खाते, तर पहिले ३० वॅट. दोन्ही कार्डांना वेगळी वीजतार लागत नाही, त्यामुळे जुन्या कार्यालयी संगणकातही ती चालतात. मात्र एक उणीव दोन्हींत आहे. फीत दाखवण्याची सोय चकतीत आहे, पण फीत तयार करण्याची, म्हणजे एन्कोड करण्याची, नाही. शिकवतानाचा पडदा नोंदवून ठेवायचा असेल, तर तो भार मुख्य चिपवरच पडतो.

तेव्हा तक्रार कार्डाबद्दल नाही, नावाबद्दल आहे. कमी वेगाचा माल कमी किमतीत विकायला कोणाची हरकत नसावी, पण त्याला नाव तरी निराळे द्यायचे होते! वर्गणी काढून शाळेच्या खोलीत संगणक बसवणाऱ्या गावाला, किंवा पोराने हट्ट धरला म्हणून दोन पैसे बाजूला टाकणाऱ्या बापाला, डी४ आणि डी५ मधला भेद कोण सांगणार?

ही कार्डे आता जुनी झाली, आणि वापरलेली कार्डे हातोहात फिरतात. त्यामुळे धोका वाढतो, कारण खोके सोबत नसतेच. खोके असेल, तर मॉडेलच्या लांबलचक नावात 'डी४' अशी अक्षरे आहेत का ते पाहावे. पुष्कळदा ती असतात. खोके नसेल, तर कार्ड संगणकात बसवून जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम चालवावा. त्यात स्मृतीची जात आणि बँडविड्थ हे दोन रकाने असतात. बँडविड्थच्या रकान्यात ४८ च्या आसपास आकडा आला तर पहिले कार्ड, १७ च्या आसपास आला तर दुसरे. पैसे त्यानंतर द्यावेत. आणि पावतीवर 'जीटी १०३०, जीडीडीआर५' असे पुरते लिहून घ्यावे. 'ग्राफिक्स कार्ड, नग १' एवढीच पावती घेऊन घरी आलात, तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराला दाखवायला हातात काही उरत नाही.