गाडीवर मेणाचा फवारा : खर्च किती, फायदा किती?

घरानंतर मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे चारचाकी. तिचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात आणि हप्ते फिटल्यावरही गाडी निदान तितकीच वर्षे नीट दिसावी, अशी आपली रास्त अपेक्षा असते. इंजिनाकडे मेकॅनिक बघतो. रंगाकडे मात्र आपल्यालाच बघावे लागते. आपल्या भागात या रंगाचे वैरी थोडेथोडके नाहीत. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती, पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडचा काळा चिखल, गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उडणारी काजळी, एप्रिल-मेचे ऊन, चार महिन्यांचा पाऊस आणि कॅम्पातल्या झाडाखाली गाडी लावली की वरून मिळणारा पक्ष्यांचा प्रसाद!

यावर उपाय म्हणून दुकानांत 'स्प्रे वॅक्स'च्या, म्हणजे फवाऱ्याच्या मेणाच्या बाटल्या मिळतात. फवारा मारा, फडक्याने पुसा, गाडी आरशासारखी. आमच्या घरी अशी बाटली आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ती हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, ''इदरिंद एन उपयोग?'' सौ.चे माहेर धारवाडचे, त्यामुळे मी त्यांना 'मावा' म्हणतो. याचा उपयोग काय, हा मावांचा प्रश्न रोकडा होता. उत्तरही तसेच रोकडे द्यायला हवे.

रंग म्हणजे नुसता रंग नव्हे

मावांकडे एकेकाळी प्रीमियर पद्मिनी होती. तिला ते महिन्यातून एकदा डबीतले घट्ट मेण चोळून पॉलिश करत आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. त्या काळच्या गाड्यांना वरपासून खालपर्यंत एकाच जातीचा रंग असे. उन्हाने तो पांढुरका पडला की वरची मेलेली पापडी घासून काढायची आणि मेण लावायचे, हा उपाय त्या रंगाला योग्यच होता.

आजच्या बहुतेक गाड्यांचे तसे नाही. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर लाखेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. गाडीची चमक ती या पारदर्शक थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे ज्याच्या भरवशावर गाडी दहा-बारा वर्षे उन्हापावसात उभी राहते, तो थर केसापेक्षाही पातळ असतो. शिवाय तो एकदा घासून गेला की परत येत नाही. घासणाऱ्या पॉलिशने गाडी दर वेळी चमकते, पण दर वेळी या थरातला थोडा भाग कायमचा जातो. पद्मिनीला लागू पडलेला उपाय आजच्या गाडीला दर महिन्याला करायचा नसतो, तो एवढ्यासाठीच. मेण आणि पॉलिश ही दोन वेगळी कामे आहेत. पॉलिश थर काढते, मेण थर चढवते.

फवाऱ्यात असते काय?

'मेण' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. मराठीतली मेणबत्ती कन्नडमध्ये मेणदबत्ती होते. गाडीसाठी नावाजलेले मेण मात्र मधमाश्यांचे नव्हे. ते 'कार्नोबा' नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे. हे झाड ईशान्य ब्राझीलमधले. वनस्पतींच्या मेणांत हे सर्वांत कठीण मेणांपैकी एक. ते ८० अंशांच्या पुढे वितळते. औषधाच्या गोळ्यांना आणि चॉकलेटच्या गोळ्यांना जी चकाकी असते, तीही कित्येकदा याच मेणाची.

फवाऱ्याच्या बाटलीत बहुतांश पाणी असते. त्यात थोडे मेण किंवा त्याच कामाची कृत्रिम रसायने, सिलिकोन आणि ही सारी पाण्यात मिसळून ठेवणारे द्रव्य. पुसल्यावर रंगावर उरतो तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ पापुद्रा. अळूचे पान डोळ्यांसमोर आणा. आपल्या अळवावर आणि कन्नडमधल्या 'केसुविन एले'वर पाणी टिकत नाही, थेंब होऊन घरंगळते. त्यात पानावरच्या मेणाचा मोठा वाटा असतो. गाडीवरचे मेण तेच काम थोड्या प्रमाणात करते.

घट्ट मेण लावायला सुटीची सकाळ जाते, पण ते दोन-तीन महिने टिकते. फवाऱ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तो काही आठवडेच टिकतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून पुष्कळ टिकाऊ, पण त्याचा खर्च हजारांत जातो आणि गाडी धुवायचे काम त्यानेही सुटत नाही.

अर्ध्या बॉनेटचा प्रयोग

मावांच्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर पुरले नसते. म्हणून मे महिन्याच्या शेवटी गाडी स्वच्छ धुऊन बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डाव्या बाजूला फवाऱ्याचे मेण, उजवी बाजू कोरी. मग पट्टी काढली आणि पावसाची वाट पाहिली.

जूनच्या पहिल्या सरींत फरक लांबूनही दिसत होता. डावीकडे टपोरे थेंब, उजवीकडे पाण्याचा पसरट पदर. पण मला महत्त्वाचा वाटला तो दुसराच फरक. चोर्ला घाटातून जाऊन आल्यावर बॉनेटवर तांबडा चिखल वाळला होता. डावीकडचा बराचसा चिखल नुसत्या पाण्याच्या धारेने निघाला. उजवीकडे फडके फिरवावे लागले. पक्ष्यांची घाण दोन्हीकडे पडली. ती त्याच दिवशी काढली असल्याने डाग कुठेच राहिला नाही. चौथ्या आठवड्यापासून डावीकडचे थेंब पसरू लागले आणि जुलैच्या मध्याला दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पाच-सहा आठवडे, एवढेच या मेणाचे आयुष्य.

मावांनी लगेच हिशेब मागितला. अर्ध्या लिटरची बाटली साडेचारशे रुपयांची. एका वेळी २५ मिली पुरते, म्हणजे वीस वेळा. एका वेळचा खर्च साडेबावीस रुपये.

मेण काय करत नाही?

एवढ्या पातळ पापुद्र्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा तो अडवत नाही. पडलेला ओरखडा भरत नाही. फार तर चार दिवस झाकतो. उन्हापासून रक्षण करणारी द्रव्ये कारखान्यातच पारदर्शक थरात मिसळलेली असतात. मेणाने त्यात नाव घेण्यासारखी भर पडत नाही. टपावरचा थर पांढरा होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर कोणत्याही बाटलीचा उपयोग नाही. तिथे रंगारीच लागतो. गाडी पुन्हा रंगवायला दिली, तर सिलिकोनचे मेण लावत होतो हे त्याला जरूर सांगावे. तो अंश राहिला की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

थेंब दिसले म्हणजे गाडी सुरक्षित, हाही गैरसमज आहे. आपल्याकडे अनेक घरांत गाडी धुवायला बोअरचे पाणी वापरतात. त्यात क्षार जास्त. त्याचे थेंब उन्हात वाळले की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरे कडे उरते. मेण लावलेली गाडी धुऊन तशीच सोडली, तर ही कडी अधिक ठळक दिसतात. ती पुसून कोरडी केलीच पाहिजे.

पक्ष्यांच्या घाणीचेही तसेच. उन्हात पत्रा तापला की पारदर्शक थर किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो. वरची घाण वाळून कडक होते. संध्याकाळी पत्रा निवतो, थर आकसतो आणि त्या कडक घाणीचा ठसा घेऊन बसतो. मेणामुळे थोडी उसंत मिळते, अभय मिळत नाही. ओले फडके पाच-दहा मिनिटे घाणीवर ठेवावे आणि मऊ झालेली घाण अलगद उचलावी. नखाने खरवडू नये.

खरा धोका फडक्यात

या बाटलीने गाडीचे नुकसानही होऊ शकते, ते असे. 'फवारा मारा आणि पुसा' हे वाचून धुळीने भरलेल्या गाडीवरच लोक फवारा मारतात. आपली धूळ आणि कन्नडमधली 'धूळु', नाव जवळपास एकच आणि काम तर अगदी एकच. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. फडक्याखाली ते पॉलिश पेपरसारखे फिरतात. अशी गाडी उन्हात उभी करून पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील. रोज सकाळी एका बादलीत आणि एकाच फडक्यात अख्ख्या कॉलनीच्या गाड्या पुसल्या जातात, तिथेही हेच होते. मेण लावण्यापेक्षा हे कोरडे पुसणे थांबवणे अधिक मोलाचे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. गाडी सावलीत लावावी, पत्रा गार होऊ द्यावा. आधी नुसत्या पाण्याने माती वाहू द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात : एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळायची. भांड्यांचा साबण नको. तो आधीचे मेणही काढून टाकतो. वरून खाली धुवावे, चाके शेवटी आणि त्यांना फडके वेगळे. मग मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावे. त्यानंतर एका वेळी एकच भाग घेऊन दोन-तीन फवारे, एका फडक्याने पसरणे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसणे. पुढची काच आणि ब्रेकच्या चकत्या वगळाव्यात. काचेवर पावसात धुरकट पदर येतो, आणि ब्रेकचे तर सांगायलाच नको. रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचा असेल, तर हे मेण लावूच नये.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

आमच्याकडे खंडेनवमी आणि मावांकडे आयुधपूजा, दिवस एकच. त्या दिवशी बॉनेटवर ओल्या हळदकुंकवाचे स्वस्तिक, वर झेंडूची माळ, पुढे नारळ आणि कापूर. आदल्या संध्याकाळी धुऊन फवाऱ्याचे मेण लावले असेल, तर हळदकुंकू सहज निघते. हळदीचा डाग उन्हाने फिका तरी होतो. हल्लीच्या कुंकवातला कृत्रिम रंग मात्र, विशेषतः तेलात कालवलेला, हट्टी असतो. म्हणून स्वस्तिक काचेवर काढावे किंवा संध्याकाळी ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. कापूर ताटातच पेटवावा, बॉनेटवर नको.

मग बाटली घ्यावी का? गाडी रस्त्यावर उभी राहत असेल आणि आठवड्याला ती नीट धुवायची सवय असेल, तर जरूर घ्यावी. महिन्याला एकदा, पावसाळ्यात थोडे अधिक वेळा, म्हणजे एक बाटली वर्षभर सहज पुरते. गाडी बंद गॅरेजमध्ये असेल, तर वर्षातून दोनदा साधे घट्ट मेण पुरे. आणि गाडी धुवायलाच वेळ मिळत नसेल, तर साडेचारशे रुपये मेणावर घालवू नयेत. त्या पैशात दोन बादल्या आणि चार चांगली फडकी येतात; आधी ती आणावीत.